धडा पडद्यावर, धागा शिक्षकाच्या हाती

परभणी जिल्ह्यातील एखाद्या सातवीच्या वर्गात काळ्या मातीचा विषय निघाला, तर ती बेसाल्ट खडकाच्या विदारणातून तयार होते, हे उत्तर अनेक विद्यार्थी देऊ शकतील. ते पाठ करून घेतलेले असते आणि परीक्षेत विचारले जाते. परंतु ऐन वैशाखात घरच्या शेताला हात जाईल एवढ्या भेगा का पडतात, मृगाच्या सरी कोसळल्या की त्या कशा बुजतात आणि याच जमिनीत कापूस का साधतो, असे प्रश्न पुढे केले, की तोच वर्ग गप्प होण्याचा संभव अधिक. वस्तुतः दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या पोटातच आहे. खडकाच्या विदारणातून निर्माण झालेली बारीक चिकणमाती पाणी शोषून फुगते, वाळली की आकसते आणि ओल दीर्घकाळ धरून ठेवते. हा दुवा भूगोलाच्या तासाला कोणी जोडून दिलेला नसतो, विज्ञानाच्या तासाला त्याचे स्मरण होत नाही आणि शेतात तर पुस्तक जातच नाही. माहितीचे मणी हाती पडतात. ते ज्यात ओवायचे तो दोरा मात्र मिळत नाही.

अलीकडे बहुतेक शैक्षणिक चर्चांत या दुखण्यावर एकच औषध सुचविले जाते, ते म्हणजे पडदा. दूरदर्शन संच, प्रक्षेपक, संगणक, टॅब, मोबाइल यांपैकी काहीतरी वर्गात आले, की शिक्षण रंजक होईल व रंजक झाले की आपोआप कळेल, असा हा तर्क आहे. त्यातील पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा मात्र तपासून घेतला पाहिजे.

निर्णायक तीन वर्षे

सहावी ते आठवी ही तीन वर्षे या दृष्टीने फार नाजूक असतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या मांडणीनुसार अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मूल डोळ्यांसमोरील वस्तूंच्या पलीकडे जाऊन ‘असे झाले तर काय होईल’ या पद्धतीने विचार करू लागते. म्हणजे कार्यकारणाचे धागे जोडण्याची क्षमता याच वयात आकार घेते. आणि अनेक शाळांतून नेमक्या याच वेळी ज्ञानाचे तुकडे पडतात. एकाच गुरुजींच्या हाताखाली शिकणारे मूल एकाएकी पाच-सहा विषयांच्या व तेवढ्याच शिक्षकांच्या स्वाधीन होते. चाळीस मिनिटांनी घंटा वाजते, इतिहास संपतो आणि गणित सुरू होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल, ही शंकादेखील मनाला शिवत नाही.

परभणीसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक कठोर बाजू आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ या बालाघाटाच्या अंगाच्या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांची शाळा चार-पाच महिने सुटते. परत आलेल्या मुलाच्या दृष्टीने अभ्यासक्रम म्हणजे मधली पाने फाटलेली पोथीच होय. जिंतूर तालुक्यातील तांड्यांवरून येणाऱ्या अनेक मुलांची घरची बोली गोरमाटी असते व पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी. त्यांच्याही हातून धागा असाच निसटतो. त्यातच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कवच चौदाव्या वर्षापर्यंतचे. आठवीच्या उंबरठ्यावरून जे मूल शाळेबाहेर पडेल, ते जोडून विचार करण्याची सवय घेऊन पडते की सुट्या उत्तरांची मोळी घेऊन, यावर त्याचे पुढील आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून राहते.

साधनांचा जुना इतिहास

चित्र आणि शब्द यांची सांगड घालून शिकविण्याची कल्पना मुळीच नवी नाही. कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक सिद्ध केले. चित्रातील प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि शेजारी त्या क्रमांकाचा शब्द, अशी त्याची रचना होती. भारतात या विचाराने मोठी झेप घेतली ती १ ऑगस्ट १९७५ रोजी. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. महाराष्ट्र त्या सहांमध्ये नव्हता. परंतु शेजारच्या कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर, विजापूर हा टापू होता. या प्रयोगातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देताना केवळ दूरचित्रवाणीवर भिस्त ठेवलेली नव्हती. पडद्यावरील पाठाला आकाशवाणीची, छापील साहित्याची आणि प्रत्यक्ष कृतींची जोड दिलेली होती. अनेक माध्यमे एका उद्देशाभोवती गुंफण्याचा तो धडा होता.

महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि तीन दशकांहून अधिक काळ मराठी मुलांसाठी कार्यक्रम तयार करून २०१७ मध्ये ती बंद पडली. पुढे करोनाच्या काळात शाळांची दारे मिटली, तेव्हा २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेने पहिली ते आठवीच्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला. दरम्यान सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची वाट दाखविली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. साधनांची उणीव आहेच; पण साधने मुळीच नाहीत असे म्हणण्याचे दिवस मागे पडले आहेत. प्रश्न ती वापरण्याच्या रीतीचा आहे.

एक लोकप्रिय गैरसमज

शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांतून एक तक्ता वर्षानुवर्षे दाखविला जातो. वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के, असा तो चढता हिशेब असतो आणि त्याखाली बहुधा एडगर डेल यांचे नाव असते. डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ मांडला हे खरे. परंतु त्या शंकूत टक्केवारी नव्हती. ते आकडे पुढे कोणीतरी चिकटविले आणि त्यांना कोणत्याही संशोधनाचा आधार नाही. या गैरसमजाचे परिणाम मात्र खरे आहेत. ‘दाखविले म्हणजे शिकले’ अशी सोयीस्कर समजूत त्यातून दृढ झाली.

या विषयावरील भरीव काम अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांचे आहे. १९७० च्या दशकात अ‍ॅलन पायव्हिओ यांनी शब्द आणि प्रतिमा यांचे ग्रहण मनात दोन वेगळ्या वाटांनी होते, असे प्रतिपादन केले. मेयर यांनी त्या पायावर अनेक प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष शिक्षकाच्या व्यवहारबुद्धीला पटण्यासारखे आहेत. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द व चित्र यांच्या जोडीने अधिक समजते. पण ते चित्र आणि त्याचे वर्णन एकाच वेळी व जवळजवळ हवे. पडद्यावर लिहिलेले वाक्य शिक्षकाने तसेच मोठ्याने वाचले, तर मदतीऐवजी अडथळाच होतो. विषयाशी संबंध नसलेले संगीत, नाचणारी अक्षरे, गमतीदार पण अवांतर चित्रे ही लक्ष वेधतात आणि समज कमी करतात. दीर्घ चित्रफितीपेक्षा मध्ये थांबता येईल असे लहान भाग उपयुक्त ठरतात. मनाची एका वेळी धरून ठेवण्याची शक्ती मर्यादित आहे, हे या सर्वांचे मूळ. रंजकतेचा सोस या मर्यादेचे भान ठेवीत नाही. म्हणून हसतखेळत पार पडलेल्या तासानंतरही वही कोरी राहते.

बोंडापासून नकाशापर्यंत

हे तत्त्व परभणीच्या मातीत कसे रुजवावे, याचा विचार करण्यास कापसाइतका चांगला विषय नाही. मानवत आणि सेलूच्या बाजारपेठा कापसावर वाढल्या. परभणीच्या संशोधन केंद्रात गावरानी कापसावर काम झाले आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने ती परंपरा पुढे चालविली. मुलांच्या घरात, अंगावर, बैलगाडीत जे आहे, तेच आठवडाभराच्या अध्यापनाचे सूत्र होऊ शकते.

पहिल्या दिवशी वर्गात केवळ दोन वस्तू असाव्यात, मातीचे एक ढेकूळ आणि कापसाचे एक बोंड. ढेकूळ पाण्यात टाकून ते फुगते कसे, उन्हात ठेवून तडकते कसे, हे मुलांनी पाहावे व मोजावे. मग दोन-तीन मिनिटांची चित्रफीत लाव्हाच्या थरांची. आवाज बंद ठेवून, शिक्षकांनी स्वतः बोलत दाखविलेली. दुसऱ्या दिवशी गणित. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला, की साधारणपणे त्याच्या एक-तृतीयांश रुई निघते व उरलेली मुख्यतः सरकी. हे गुणोत्तर मुलांनी हाताने रुई-सरकी वेगळी करून, तराजूवर पडताळावे. असे करताना बोटे दुखू लागली, की १७९३ साली एली व्हिटनेने सरकी वेगळी करणारे यंत्र शोधले, या वाक्याला अर्थ प्राप्त होईल. आणि त्या यंत्रामुळे अमेरिकेत कापसाची शेती व गुलामगिरी दोन्ही का वाढली, हेही उमगेल.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर जगाचा नकाशा असावा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि युद्ध संपताच सट्ट्याचे मनोरे कोसळले. चौथ्या दिवशी मराठवाड्याचा नकाशा. एकोणिसावे शतक संपता संपता निजामाच्या राज्यात हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग झाला. त्यावरील परभणी, मानवत रोड, सेलू ही स्थानके मुलांनी स्वतः शोधावीत. पाचव्या दिवशी आवाज. घरातील आजी-आजोबांनी पूर्वी कापूस कसा वेचला, गाडी कोठे नेली, भाव कसा ठरला, याच्या आठवणी मोबाइलवर मुद्रित करून वर्गात ऐकवाव्यात. ज्या मुलाला प्रमाण भाषा अडते, त्याच्या घरची बोली या दिवशी वर्गातील साधनसामग्री ठरते. शिवाय २०१७ मधील गुलाबी बोंडअळीच्या प्रकोपाचा उल्लेख त्या आठवणींत आलाच, तर जीवशास्त्राचे दार आपोआप उघडेल.

शेवटी या सर्वांची जुळणी व्हावी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात संकल्पना-चित्राची पद्धत विकसित केली. कागदावर माती, ओल, कापूस, यंत्र, युद्ध, रेल्वे, भाव असे शब्द मांडायचे, त्यांना रेषांनी जोडायचे आणि प्रत्येक रेषेवर त्या दोहोंचा संबंध सांगणारे क्रियापद लिहायचे, अशी ती रीत. रेषा कोणालाही ओढता येते. क्रियापद लिहिण्यासाठी मात्र समजावे लागते. मुलाला काय कळले याची याहून स्वस्त आणि प्रामाणिक परीक्षा सापडणे कठीण. आणि तिला लागते काय, तर एक कागद व एक पेन्सिल.

अडचणी आणि कर्तव्य

यावर अभ्यासक्रम कधी संपवायचा, असा आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अशैक्षणिक कामांचे ओझे, अहवालांची भरताड आणि रिक्त पदे यांच्या कचाट्यात सापडलेल्या शिक्षकाकडून दर आठवड्याला नवनिर्मितीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु वर्षातून चार विषय असे जोडून शिकविले, तर त्यांत भूगोल, विज्ञान, इतिहास आणि गणित यांचे कित्येक धडे एकत्र उरकतात. वेळ वाया जात नाही, उलट द्विरुक्ती टळते. कापूस झाला, की पूर्णा नदी घेता येईल. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी येलदरीच्या धरणात अडते, तेथे वीज निर्माण करते, शेते भिजवते आणि पुढे गोदावरीस मिळते. तिच्या काठाने जलचक्र, ऊर्जा, शेती आणि गंगाखेडच्या जनाबाईंची गोदाकाठची संतपरंपरा इथपर्यंत जाता येते.

यासाठी तीन गोष्टी शासनाने व संस्थांनी कराव्यात. शाळेला संच देताना दुरुस्तीचा आणि विजेच्या बिलाचा खर्च त्यातच धरावा. बंद पडलेला पडदा भिंतीवरच्या फळ्याइतकाही उपयोगी नसतो. विषयशिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र बसण्यासाठी वेळापत्रकातच राखून द्यावा, कारण शिक्षकच एकमेकांशी बोलले नाहीत, तर त्यांचे विषय काय बोलणार? आणि कृषी विद्यापीठ, आकाशवाणीचे परभणी केंद्र व जिल्हा शिक्षण संस्था यांनी मिळून स्थानिक विषयांवरील लहान पाठांचा संग्रह तयार करावा. हे पाठ साध्या मोबाइलवरही चालले, तर कारखान्याच्या कोपीत बसलेल्या मुलापर्यंत ते जाऊ शकतील. आणि परतल्यावर त्याला वर्गाशी पुन्हा जुळवून घेणारा शिक्षक भेटला, तर फाटलेली पाने काही अंशी सांधली जातील.

साधन कितीही दिपविणारे असले, तरी ते चित्र दाखवील, आवाज ऐकवील आणि थांबेल. एका चित्राचा दुसऱ्याशी संबंध काय, हा प्रश्न विचारण्याचे आणि मुलाला उत्तर शोधेपर्यंत अवधी देण्याचे काम माणसाचेच राहते. जिल्ह्यातील शाळांना संच किती मिळाले, याची मोजदाद दरवर्षी होते. त्या शाळांतील मुले किती रेषांवर स्वतःच्या शब्दांत क्रियापदे लिहू शकतात, याचीही मोजदाद आता सुरू झाली पाहिजे.