वाघाची टोपी, गाठीचा टाका

चीनमध्ये तान्ह्या मुलाच्या डोक्यावर वाघ बसवत. रेशमी टोपीला दोन कान, बटबटीत डोळे आणि कपाळावर ‘राजा’ हे चिनी अक्षर. बाळं दगावण्याचं भय घरोघरी होतं, म्हणून हा पहारा. बुटांच्या टोकांवरही वाघाचंच तोंड. पाचव्या महिन्यातल्या पंचमीला घालायच्या बंडीवर साप, विंचू, गोम, पाल, बेडूक भरलेले. विषाला विषाचाच उतारा. काही आया शेजारपाजारच्या घरांतून कापडाचे तुकडे मागून ‘शंभर घरांचा’ अंगरखा शिवत. दृष्ट काढणाऱ्या आपल्या आजीला यातलं काही समजावून सांगावं लागलं नसतं.

या कपड्यांची पारख कशी करतात ते लिहा, असं संपादक म्हणाले. छिंग राजवटीचा इतिहास (१६४४ ते १९११) मी भराभर चाळला आणि अडकले एका टाक्यात.

सुई वर काढायची, दोऱ्याचा फास कापडावर पाडायचा, त्या फासातून सुई शेजारीच खाली घालायची आणि ताण न बिघडवता ओढायची. मोहरीहून बारीक गाठ उरते. अशा गाठी खेटून खेटून, छटा बदलत, एक पाकळी भरते. चिनी भरतकाम जपणाऱ्या पारशी घरांत या टाक्याला ‘खाखा’ म्हणतात. विक्रेते याला ‘निषिद्ध टाका’ म्हणतात: कारागिरांचे डोळे जात, म्हणून म्हणे बंदी आली. बंदीचा हुकूम कुणी दाखवत नाही. गोष्टीने भाव मात्र चढतो.

भिंगाखाली या गाठी किंचित लहानमोठ्या दिसायला हव्यात. उलट बाजू पाहिली तर उत्तमच, कारण यंत्राच्या भरतकामात खालून दुसरा दोरा धावतो. पण कपड्याला अस्तर असतं, म्हणून शिवण जिथे उसवलीय तिथूनच डोकावायचं. जर पाहायची. जुन्या जरीत सोन्याचा वर्ख दिलेली कागदाची पट्टी रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली असते; ती कापडावर मांडून बारीक दोऱ्याने टाचतात. कागद झडला की आतलं रेशीम उघडं पडतं. लखलखीत, कुठेच न झडलेली जर दिसली की मला आता आधी शंका येते.

रंग जास्त बोलतात. रसायनशास्त्रज्ञ पर्किनने १८५६ साली पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. असे रंग चीनला पोहोचायला आणखी काही वर्षं गेली. म्हणून झगझगीत जांभळा दोरा दाखवून कुणी अठराव्या शतकाचा दाखला देऊ लागला, तर नमस्कार करून उठावं. अतिनील दिव्याखाली दोरा निळसर पांढरा चमकला, तर तो गेल्या शतकातल्या दुसऱ्या महायुद्धानंतरचा असू शकतो. किंवा जुनाच असेल आणि कुणीतरी हौसेने धुण्याच्या पावडरीत बुडवलेला. दिवा दोन्हींत फरक करत नाही.

फसवणुकीचे प्रकार याहून अवघड. मोठ्यांचे फाटके झगे कापून मुलांचे कपडे शिवतात: भरतकाम खरं, कपडा खोटा. फुलपाखराचा पंख शिवणीत अर्धाच गडप झाला असेल, तर तिथे कात्री नंतर फिरलीय. चहाच्या पाण्यात बुडवून आणलेलं म्हातारपण सगळीकडे सारखं पसरतं. खरा मळ गळ्याशी आणि बाह्यांच्या टोकांशी साचतो. काळा दोरा तर जुन्या रंगातल्या लोहामुळे स्वतःच कुजतो.

मुंबईत याला आणखी एक पदर आहे. कापूस आणि अफू घेऊन चीनमधल्या कॅन्टनला जाणारे पारशी व्यापारी (जमशेटजी जीजीभाय यांची पहिली सफर १७९९ची) घरच्यांसाठी चिनी भरतकाम आणत. त्यात मुलांची झबलीही असत: हात चिनी, बेत पारशी. दादरच्या पारशी कॉलनीत एका आंटींनी असंच एक झबलं पलंगावर पसरलं. साटीनवर बगळे, बांबू. घडीच्या रेषेवर रेशीम तडकलेलं. “वडिलांनी घातलेलं आहे. आता टोरांटोच्या नातवाला पाठवायचंय. ते जुनं आहे की नाही, तेवढं सांग.”

इथेच पेच आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे लंडनच्या लिलावातला आकडा दादरला लागू नाही. झबलं तेवढं जुनं ठरलं तर मोलाचं, पण टोरांटोला जाणार नाही. जाऊ शकलं तर त्याचं मोल उतरलेलं. दाखला पुरातत्त्व खात्याचा लागतो. आंटींना हे सांगितलं. त्यांनी झबलं उलटं केलं, अस्तर चाचपलं आणि विचारलं, “त्यांना नेऊन दाखवायलाच पाहिजे का?”