बोटीवर विकली जाणारी सुट्टी

फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनव्हेरल बंदरातून डिस्नेची क्रूझ बहामाकडे निघते. बोट भर समुद्रात असताना प्रवाशांना एका सादरीकरणाचं आमंत्रण मिळतं. विषय असतो डिस्ने व्हेकेशन क्लब. मुलं त्यांच्या खेळघरात रमलेली असतात, स्वयंपाकपाण्याची चिंता नसते आणि इंटरनेटसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. म्हणजे समोर ठेवलेली किंमत रास्त आहे का, हे ताडून पाहणं जिथे सर्वांत अवघड, तिथेच 30,000 डॉलरचा निर्णय घ्यायची वेळ येते.

हा क्लब 1991 मध्ये सुरू झाला. ठरावीक वर्षांचं सभासदत्व, दरवर्षी ठरावीक दिवस आणि वार्षिक देखभाल शुल्क ही रचना आपल्याकडे क्लब महिंद्रामुळे ओळखीची आहे. डिस्नेकडे दिवसांऐवजी पॉइंट मिळतात. सभासद एखाद्या रिसॉर्टमधला हक्क विकत घेतो आणि त्या हक्काला अखेरचं वर्ष असतं: बोर्डवॉकचं 2042, रिव्हिएराचं 2070. स्वतःच्या रिसॉर्टमधली खोली 11 महिने आधी राखता येते, क्लबच्या इतर रिसॉर्टमधली 7 महिने आधी. शाळेच्या सुट्टीत येणाऱ्यांना 7 महिन्यांच्या टप्प्यावर हवी ती खोली अनेकदा मिळत नाही.

ठोकळ हिशेब मांडू. अलीकडच्या काळात कंपनीकडून घेतलेला नव्या रिसॉर्टचा पॉइंट 200 डॉलरच्या पुढेच पडतो. 200 धरले तरी 150 पॉइंटांचे 30,000 डॉलर होतात. तेवढ्यात हंगामानुसार स्टुडिओ खोलीत साधारण एक आठवडा राहता येतं. देखभाल शुल्क पॉइंटमागे 8 डॉलर धरलं, तर वर्षाला 1,200. विक्रेता हॉटेलच्या छापील दराशी तुलना करतो आणि त्या तुलनेत सभासदत्व स्वस्तच दिसतं. पण 30,000 डॉलर गुंतवले असते तर 5 टक्क्यांनी वर्षाला 1,500 मिळाले असते, हे विक्रेत्याच्या हिशेबात नसतं. शिवाय हक्काची मुदत दरवर्षी घटते. 45 वर्षांत वाटली तर मूळ रकमेतले वर्षाला सुमारे 670 डॉलर संपतात. सगळं धरून आठवड्याला 3,300 च्या वर खर्च येतो. तेच 150 पॉइंट एखाद्या सभासदाकडून भाड्याने घेतले, तर पॉइंटमागे 20 डॉलरच्या दराने 3,000 लागतात आणि पुढच्या वर्षी कुठेही जायला माणूस मोकळा. कर्ज काढून घेणाऱ्याचा हिशेब तर आणखी बिघडतो.

यातली सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. जे कुटुंब क्रूझवर खूश आहे, त्याला जमिनीवरच्या हॉटेलातला हक्क विकला जातो. पॉइंट वापरून क्रूझ घेता येते, हे खरं. पण तिथे पॉइंटाचं मोल फारच कमी धरलं जातं. जाणकार सभासद आपले पॉइंट भाड्याने देतात आणि त्या पैशांतून क्रूझचं तिकीट काढतात.

मग फायदा कोणाचा? जे कुटुंब वर्षा-दोन वर्षांनी ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जातंच, डिस्नेच्या महागड्या हॉटेलांतच उतरतं आणि वर्षभर आधी तारखा ठरवू शकतं, त्याचा. अशा कुटुंबानेही आधी फेरविक्रीचा बाजार पाहावा. तिथे अनेक रिसॉर्टचे पॉइंट कंपनीच्या निम्म्या भावाच्या आसपास मिळतात. बंधनं मात्र वाचून घ्यावीत. 21 मार्च 2011 नंतर फेरविक्रीत घेतलेल्या पॉइंटांवर क्रूझ घेता येत नाही आणि फेरविक्रीत घेतलेला रिव्हिएराचा पॉइंट क्लबच्या इतर रिसॉर्टमध्ये चालत नाही.

निम्म्या भावाने का होईना, इथे विकत घेणारा भेटतो. अशा सुट्टी-सभासदत्वाच्या इतर बहुतेक योजनांना, म्हणजे टाइमशेअरना, तेवढंही गिऱ्हाईक नसतं. मेक्सिकोच्या कोझुमेल किंवा पोर्तो व्हायार्ता बंदरात उतरल्यावर फुकट सहलीचं किंवा जेवणाचं आमिष दाखवून नेणाऱ्यांपासून तर फारच जपायला हवं. पोर्तो व्हायार्ताच्या टाइमशेअरधारकांना लुबाडणाऱ्या, अमली पदार्थांच्या टोळीशी जोडलेल्या कंपन्यांवर अमेरिकी अर्थखात्याने 2023 मध्ये निर्बंध घातले.

सही झालीच असेल, तर कायदा थोडी सवड देतो. फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्यानुसार सही केल्यापासून किंवा सगळी कागदपत्रं हाती पडल्यापासून, यातलं जे नंतर घडेल तेव्हापासून, 10 दिवसांत करार रद्द करता येतो. हा हक्क विक्रेता काढून घेऊ शकत नाही. मेक्सिकोत ही मुदत कामाच्या 5 दिवसांची आहे. सात रात्रींच्या क्रूझवर दुसऱ्या दिवशी सही केलेल्या माणसाचे फ्लोरिडाच्या 10 दिवसांतले बरेचसे दिवस पाण्यावरच जातात. म्हणून घरी पोचताच सामान उघडण्याआधी करारातलं रद्द करण्याचं कलम काढावं. फोनवर बोलून भागत नाही. कलमात दिलेल्या पत्त्यावर लेखी सूचना धाडावी आणि ती कोणत्या तारखेला धाडली याची पावती जपून ठेवावी.