निळू फुले : सत्तेचा आवाज ओळखलेला नट

नाटक-चित्रपटाच्या व्यवसायात ज्याला चरित्र अभिनेता म्हणतात, तो कथेचा नायक नसतो. बाप, सावकार, पाटील, पुढारी, पत्रकार अशा भूमिका त्याच्या वाट्याला येतात आणि नायक ज्या समाजात वावरतो तो समाज खरा वाटावा, ही जबाबदारी प्रामुख्याने त्याच्यावर असते. मराठीत ही जबाबदारी सुमारे चार दशके ज्या नटांनी समर्थपणे पेलली, त्यांत निळू फुले (१९३०–२००९) यांचे स्थान फार वरचे आहे. तरीही लोकांच्या मनात त्यांची प्रतिमा उरली ती मुख्यतः वाड्यावरच्या खलपुरुषाची, आणि या प्रतिमेने त्यांच्या अभिनयाचा मोठा भाग झाकून टाकला आहे.

फुले यांची जडणघडण नाट्यशाळेत झाली नाही. पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत असत आणि त्याच काळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांचे नट म्हणून शिक्षण झाले. कलापथक म्हणजे गाणी, नृत्ये आणि लोकनाट्ये यांच्याद्वारे समाजवादी व राष्ट्रीय विचार गावोगाव नेणारा हौशी कलावंतांचा संच. लोकनाट्य हा प्रकार तमाशाच्या घाटावर बेतलेला असतो. गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम असून त्यातील सोंगाड्या प्रसंगातच राजाची, पाटलाची वा सरकारची खिल्ली उडवतो आणि समोरच्या प्रेक्षकाचा अंदाज घेत संवाद वाढवतो किंवा आवरता घेतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधून फुले लोकांना परिचित झाले, तर शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांचे नाव सर्वत्र नेले, त्या लोकनाट्यातील काम पाहूनच अनंत माने यांनी त्यांना ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटात घेतले. सत्ताधाऱ्याची नक्कल करून त्याला उघडे पाडण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या नटाने पुढे सत्ताधारीच रंगवावा, यात एक खोल सुसंगती आहे.

व्यावसायिक रंगभूमीवर त्यांची खरी कसोटी लागली ती विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये. छापखान्यात पुस्तक-बांधणीचे काम करणारा सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणतो, पहिल्याच दिवशी आपल्या अटी ऐकवतो, ढोंगी समाजाला शिव्या घालतो आणि तरीही स्वतः त्यांच्यावर मालकी गाजवतो. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी हे नाटक रंगमंचावर आणले, परिनिरीक्षण मंडळाने त्यात ३२ ठिकाणी कात्री सुचवली आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतरच त्याचे प्रयोग मोकळे झाले. लक्ष्मी झालेल्या कुसुम कुलकर्णी आणि चंपा झालेल्या लालन सारंग यांच्यासमोर फुले यांनी सखारामचा रांगडेपणा आणि त्याच्या आतला दुबळेपणा एकाच देहात धरून ठेवला. हे पात्र निव्वळ राक्षस म्हणून रंगवले असते, तर नाटक कोसळले असते.

त्यानंतर आला जब्बार पटेल दिग्दर्शित, तेंडुलकर लिखित चित्रपट ‘सामना’. सहकारी साखर कारखान्यामुळे एका माणसाच्या हाती अख्ख्या तालुक्याची रोजीरोटी आणि मते कशी एकवटतात, याचे हे चित्रण १९७५ साली बर्लिन महोत्सवातही दाखवले गेले. तो माणूस, हिंदुराव धोंडे पाटील, फारसा ओरडत नाही. खालच्या पट्टीतला घोगरा स्वर, अर्धवट गिळलेले शब्द, किंचित मिटलेले डोळे आणि वाक्य संपल्यावर सोडलेला जरासा जादा क्षण एवढ्या सामग्रीवर फुले यांनी त्याची जरब उभी केली, कारण आपला शब्द पाळला जाणारच याची ज्याला खात्री असते त्याला आवाज चढवावा लागत नाही. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारत राहणाऱ्या दारूड्या मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते, आणि या दोघांच्या बैठकांत हिंदुरावाला मास्तरांविषयी वाटणारे कुतूहल व भीती फुले यांनी इतक्या हळूहळू उघड केली आहे की, बलाढ्य माणूस आतून पोखरत जाताना दिसतो.

पुढच्या दोन दशकांतल्या अनेक ग्रामीण व तमाशाप्रधान चित्रपटांनी मात्र या हिंदुरावाचे केवळ बाह्यांग उचलले. कथेत बळ नसतानाही फुले यांनी ती कामे चोख केली. साचेबंदपणाचा दोष त्या लेखक-दिग्दर्शकांकडेच जातो. हिंदीत महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मध्ये (१९८४) त्यांनी उभा केलेला पुढारी गजानन चित्रे याच जातकुळीतला, पण शहरी आणि अधिक थंड आहे.

अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) पटेल यांनी त्यांना नेमक्या उलट बाजूला उभे केले. दिगू टिपणीस हा पत्रकार मंत्र्यांच्या बंगल्यांवर जातो, ऐकतो, पाहतो आणि फार थोडे बोलतो. अखेरीस हे सारे असह्य होऊन त्याचे भान सुटते. ऐकण्याचा अभिनय हा सर्वांत अवघड असतो, आणि फुले यांचे सर्वश्रेष्ठ काम म्हणून हिंदुरावापेक्षाही दिगूचेच नाव घेतले पाहिजे. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ नाटकात, सत्तेवर बसलेल्या मुलाच्या वागण्याने व्यथित झालेले गांधीवादी अप्पाजी साकारतानाही हीच संयत शक्ती त्यांच्या कामी आली.

रंगमंचाबाहेर ते सेवा दलाच्या संस्कारांना शेवटपर्यंत धरून राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते सहभागी होते, तसेच पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू व इतर कलावंतांबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करीत ते हिंडले. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नाटकातील काम प्रयोगाबरोबर संपते, चित्रपट मात्र मागे राहतात. ज्यांना फुले केवळ खलनायक म्हणून ठाऊक आहेत, त्यांनी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लागोपाठ पाहावेत.