सुगीचा धुराळा आणि लेकरांची धाप

संक्रांत सरली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारीच्या काढणीची लगबग सुरू होते. मंगळवेढे, मोहोळ, बार्शीकडे रानोरान कणसांचे ढीग पडतात, मळणी यंत्रे घरघरू लागतात. याच दिवसांत पहाटे गारठा, दुपारी ऊन आणि घरोघर मुलांना सर्दी-पडसे. बहुतेकांची सर्दी आठवड्याभरात जाते. पण ज्या मुलाला ॲलर्जी किंवा दमा आहे, त्याची सर्दी दोन-तीन दिवसांत छातीत उतरते. रात्री छाती शिट्टीसारखी वाजते आणि आईबाप लेकराला मांडीवर घेऊन उजाडायची वाट पाहतात. मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु यातल्या बऱ्याच गोष्टी शेताशी आणि घराशी निगडित आहेत, म्हणून हे चार शब्द.

सर्दीने दमा का उठतो?

सर्दी होते विषाणूंमुळे. दही आणि केळी उगाच बदनाम झाली आहेत. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या श्वासनळ्या आतून आधीच थोड्या सुजलेल्या असतात. त्यात विषाणू शिरला की सूज वाढते, चिकट कफ साचतो आणि नळ्या आवळतात. १९९५ साली इंग्लंडमध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. दमा उसळला त्या वेळी शंभरातील ८० ते ८५ प्रसंगी विषाणू सापडला, आणि त्यात साध्या सर्दीचा विषाणू सर्वांत पुढे होता. सर्दी असतानाच धूळ किंवा परागकण नाकात गेले, तर त्रास आणखी वाढतो.

शेतात आणि घरात काय करावे?

मळणी घरापासून लांब करावी आणि वारा घराकडे वाहत नसेल अशी जागा निवडावी. दम्याच्या मुलाला राशीजवळ, कडब्याच्या गंजीवर खेळू देऊ नये. बुरशी धरलेला कडबा, भुसा त्याला हलवायला सांगू नये. मळणीवरून आलेल्या माणसाने कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच मुलाला जवळ घ्यावे. गाजर गवत फुलावर येण्याआधी मोठ्यांनी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. पुण्यात १९५० च्या दशकात आढळलेले हे गवत आज बांधाबांधावर आहे. उसाचे पाचट पेटवू नका. त्याचा धूर मुलाच्या छातीत जातो आणि जमिनीचे खतही जळते. चुलीचा धूर आणि घरातली विडी, दोन्ही मुलापासून दूर हवीत. सर्दी झालेल्याने तान्ह्या बाळाचे मुके घेऊ नयेत, हात साबणाने धुवावेत.

पंपाची भीती नको

‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आहे. डाळिंबाला ठिबकने पाणी थेट मुळाशी देतो, तसे पंपाचे औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून थोडक्यात काम होते. लहान मुलाला ते स्पेसर लावून द्यावे. एक पंप धाप लागल्यावर आराम देण्याचा, दुसरा सूज उतरवण्यासाठी रोज घेण्याचा. बरे वाटले म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने बंद केला, की पुढच्या सर्दीत मूल पुन्हा धापा टाकते. साध्या सर्दीच्या विषाणूवर प्रतिजैविकाच्या गोळ्या चालत नाहीत. मृगाला हैदराबादेत मिळणाऱ्या माशाच्या औषधासाठी महाराष्ट्रातूनही लोक जातात, पण त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. त्यासाठी चालू औषध सोडू नये.

केव्हा थांबू नये?

मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, मुलाला सलग बोलता येत नसेल, बाळ अंगावर पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल गळून गेले असेल किंवा पंप देऊनही धाप कमी होत नसेल, तर उजाडायची वाट पाहू नका. सांगितल्याप्रमाणे आरामाचा पंप देत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

सुगीआधी बियाणे-खतांचा हिशेब जसा वहीत मांडतो, तसे मुलाला एकदा डॉक्टरांकडे नेऊन कोणते औषध केव्हा व किती, हे कागदावर लिहून आणावे. तो कागद भिंतीला चिकटवावा, आणि घरातल्या आजीलाही वाचून दाखवावा. धाप बहुधा रात्रीच लागते, आणि तेव्हा घरात जे कोणी असेल त्याला काय करायचे ते ठाऊक हवे.