'बॉम्बे हाय'ला जाणाऱ्याचं मेडिकल



उरण, पनवेल, चेंबूर, मानखुर्द या पट्ट्यातल्या वस्त्यांमधून बरीच मुलं 'ऑफशोअर'ला जातात. कोणी वेल्डर, कोणी रिगर, कोणी पेंटर, कोणी किचनमध्ये मदतनीस तर कोणी केबिनची साफसफाई करणारा. ओएनजीसीच्या कायम भरतीत आरक्षण आहे, ठेक्याच्या कामात ते नाही. आणि आपली बहुतेक मुलं ठेक्यानेच जातात. पगार जमिनीवरच्या कामापेक्षा बरा मिळतो, जेवण-राहणं फुकट असतं, म्हणून घरचेही खूश असतात. जाण्याआधी एक मेडिकल होतं आणि त्या मेडिकलची सगळ्यांना धास्ती असते. 'नापास झालो तर?' या भीतीने आजार लपवला जातो. त्याबद्दल आज लिहिते आहे.

मेडिकल एवढं कडक का, ते आधी समजून घेऊ. मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. तिथे पोहोचायचं ते जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने, नाहीतर बोटीने. प्लॅटफॉर्मवर छोटा दवाखाना असतो, पण शस्त्रक्रिया नाही, आयसीयू नाही, रक्तपेढी नाही. छातीत कळ आली, तर वस्तीतला माणूस रिक्षात घालून सायन किंवा शताब्दी हॉस्पिटल गाठतो. तिथे हेलिकॉप्टरची वाट बघावी लागते, आणि पावसाळ्यात ते उडेलच असं नाही.

हे अंतर किती महाग पडतं, ते २७ जुलै २००५ ला दिसलं. २६ जुलैचा पूर आपल्यातला कोणी विसरलेला नाही. त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबई हायजवळच्या एका जहाजावर आचाऱ्याची बोटं कापली गेली. पावसामुळे हेलिकॉप्टर मिळेना. म्हणून जहाज मोठ्या प्लॅटफॉर्मजवळ नेऊन जखमीला क्रेनने वर चढवायचं ठरलं. तो वर पोहोचला, पण लाटांवर हलणारं जहाज प्लॅटफॉर्मच्या गॅसच्या उभ्या पाइपला धडकलं. गॅस गळला, आग लागली आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली. त्या आचाऱ्याचा यात काडीचा दोष नाही. पण जमिनीवर जी जखम टाके घालून तासाभरात आटपते, तिच्यासाठी समुद्रावर काय काय करावं लागतं, ते बघा.

म्हणून मेडिकलमध्ये रक्तदाब, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची फुंकर-तपासणी, रक्त-लघवी, नजर, रंग ओळखणं, कानाची तपासणी असं सगळं बघतात. किचनवाल्यांना संसर्गाच्या तपासण्या वेगळ्या.

शिबिरात एक तिशीतला वेल्डर आला होता. रक्तदाब १७०/११०. मला म्हणाला, "सिस्टर, काळजी नको, मेडिकलच्या दिवशी दोन गोळ्या जास्त खाईन, पास होतो." ही युक्ती सर्रास चालते. काही एजंट तर पैसे घेऊन 'फिट'चा कागदच आणून देतात. अशा कागदाने माणूस फिट होत नाही, फक्त हेलिकॉप्टरमध्ये चढतो. पुढे बारा तासांची पाळी, रात्रपाळी, तापलेल्या लोखंडावर उभं राहणं, आणि गोळ्या मात्र लपवून खायच्या किंवा बंदच. कारण गोळ्या दाखवल्या तर खोटं बोललो हे उघडं पडेल.

खरं तर रक्तदाब किंवा साखर नियमित गोळ्यांनी ताब्यात असेल, डोळे-किडनी-हृदय ठीक असेल, तर बहुतेक वेळा मनाई होत नाही. तीन महिने आधी औषध सुरू करा, दर आठवड्याला रक्तदाब मोजून वहीत लिहा आणि ती वही मेडिकलला घेऊन जा. डॉक्टरला लपवलेल्या माणसापेक्षा वही दाखवणारा माणूस बरा वाटतो. 'टेम्पररी अनफिट' म्हणजे नोकरी गेली असं नाही. कारण लेखी मागा, उपचार घ्या, पुन्हा तपासणीला जा. आकडी येत असेल तर मात्र परवानगी मिळणं कठीण, आणि तिथे मी कंपनीच्या बाजूने आहे. शिडीवर आकडी आली तर खाली समुद्र आहे.

दोन गोष्टी खास आपल्या घरांसाठी सांगते. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या टीबीचा डाग दिसतो आणि मुलगा पूर्ण बरा असूनही अडकतो. वस्तीत टीबी होऊन गेलेली माणसं कमी नाहीत. उपचार पूर्ण झाल्याचा सरकारी दवाखान्याचा कागद आणि जुना एक्स-रे जपून ठेवा, तोच कामाला येतो. दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भातून आलेल्या आपल्या समाजात हे प्रमाण मोठं आहे. ज्याला सिकलसेलचा पूर्ण आजार आहे, त्याच्यासाठी उन्हातली अंगमेहनत आणि अंगातलं पाणी कमी होणं धोक्याचं. अशी कळ समुद्रावर उठली तर हाल होतात. पण जो फक्त वाहक आहे तो आजारी नसतो, त्याने भरपूर पाणी पीत काम केलं तर चालतं. दोन्हींत फरक आहे आणि तो कागदावर असायला हवा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

आता दारू. समुद्रावर दारूला पूर्ण बंदी असते. काडेपेटी-लायटरही नेता येत नाही. पंचशीलातलं पाचवं शील आपण वंदनेत म्हणतो, पण मी इथे नर्स म्हणून बोलते. जो रोज पितो, त्याची दारू एकदम तुटली की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. दोन दिवसांत आकडी येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसायला लागतं. यात जीवही जातो. म्हणून 'तिकडे गेला की आपोआप सुटेल' असं बायको-आईने समजू नये. निघायच्या तीन-चार आठवडे आधी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा. तिथे औषधं देऊन सुरक्षितपणे सोडवतात.

हेलिकॉप्टरने जायचं तर पाण्यातून सुटण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे. खासगी केंद्रंही आहेत. खोट्या केबिनमध्ये पट्ट्याने बांधून तलावात सोडतात आणि केबिन उलटी करतात. हलणं थांबेपर्यंत खिडकीची चौकट धरून ठेवायची, मग पट्टा सोडायचा, मग बाहेर. आधी पट्टा सोडला तर दिशाच कळत नाही. आपली मुलं इथे घाबरतात, कारण पोहता येत नाही. तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी ज्या समाजाला १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याच्या नातवंडांना पोहायला कोण शिकवणार होतं! महापालिकेचे तलाव दादरला आहेत, चेंबूरला आहेत. नोकरीची वाट बघता बघता महिनाभर जा. नुसती पाण्याची भीती गेली तरी पुष्कळ आहे.

तिथल्या गॅसबद्दल जास्त सांगायला हवं. काही विहिरींतून तेल-गॅसबरोबर हायड्रोजन सल्फाईड येतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्या वासावर विसंबू नका. हवेत दहा लाख भागांत शंभर भाग इतकं प्रमाण झालं की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि तो तर वाढलेला असतो. आणखी वाढला तर माणूस जागीच कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे, खोलगट जागेत साठतो. अलार्म झाला की आधी मास्क, मग वाऱ्याची पिशवी बघून वाऱ्याच्या उलट दिशेने. पडलेल्या मित्राला उचलायला मास्कशिवाय धावायचं नाही, नाहीतर दोन प्रेतं होतात. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, म्हणून दाढी करायला सांगतात.

गटारात, सेप्टिक टाकीत आपल्या भावांचा जीव घेणाऱ्या वायूंत हाही असतो. समुद्रावर याच वायूसाठी छातीला डिटेक्टर, श्वासाची टाकी आणि सराव असतो. शहरातल्या मॅनहोलला दोरी आणि शिवी. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा केला. जे तेलकंपनीला जमतं ते नगरपालिकेला का जमत नाही, हा प्रश्न मोर्चात विचारण्यासारखा आहे.

गोळ्यांचा हिशोब साधा आहे. चौदा दिवसांची पाळी असेल तर एकवीस दिवसांच्या गोळ्या न्या. हवामान बिघडलं की परतीचं हेलिकॉप्टर रद्द होतं. ठेक्याचे कामगार तर महिनोन्महिने बार्जवर राहतात, त्यांनी त्या मानाने. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, आणि पोहोचताच तिथल्या मेडिकला दाखवायच्या. बोट लागते म्हणून जी मळमळीची गोळी खातात तिने झोप येते. ती खाऊन उंचीवर चढू नका.

कानाची तपासणी जाण्याआधीची हवीच, आणि तिची प्रत हातात हवी. कंप्रेसर, जनरेटरच्या आवाजाने कान हळूहळू जातात. आधी बारीक आवाज, मग बोलणं. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, पण आधी ऐकू येत होतं हे दाखवायला तोच कागद लागतो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. पुढे १९५२ च्या खाण कायद्याने तेलविहीरही खाणीत धरली.

घरात काय ठेवायचं ते ताईंनी लक्षात घ्यावं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. कित्येक मृतदेह ओळखू येईनात, जे. जे. रुग्णालयात डीएनए तपासावे लागले. म्हणून एका फाइलमध्ये मेडिकल रिपोर्टची प्रत, प्रशिक्षणाचा दाखला, ठेकेदाराचं पत्र, मूळ कंपनीचं नाव, पीएफचा यूएएन नंबर, रक्तगट आणि अंगावरच्या खुणा लिहून ठेवा. नवरा किंवा मुलगा कोणत्या बार्जवर, कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहे हे नावासह माहीत हवं; बदललं की त्याने फोनवर कळवायचं. पीएफला वारसाचं नाव लग्नानंतर बदलून घ्या, नाहीतर सुनेला फेऱ्या माराव्या लागतात. अपघात झाला आणि ठेकेदाराने हात वर केले, तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा असतो. दुःखात पहिलं वर्ष निघून जातं, म्हणून शेजारच्या शिकलेल्या मुलीवर किंवा मंडळातल्या कोणावर तरी त्या तारखेची आठवण सोपवून ठेवा.