मोडशीनं ओस पाडलेलं शहर : आमच्या गटाची जुन्या गोव्याची सहल

दारव्हा तालुक्यातून तुमची आशाताई बोलते आहे. मागच्या वेळी मी लेकरांच्या जुलाबाबद्दल आणि मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल बोलले होते. आज सहलीबद्दल बोलणार आहे. पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल, विषय काही फार बदललेला नाही.

आमच्या बचत गटाचं शेगाव झालं, माहूर झालं, पंढरपूर तर दोनदा झालं. यंदा बाया म्हणाल्या, गोव्याला जाऊ. घरोघरी पुरुषमंडळींच्या भुवया वर गेल्या. गोवा म्हणजे समुद्र आणि दारू, एवढंच त्यांना ठाऊक. समुद्र आम्हीही पाहिला, लुगडी-साड्या गुडघ्यापर्यंत भिजवून आलो. पण एक अख्खा दिवस आम्ही जुन्या गोव्यासाठी ठेवला होता, आणि आज सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं.

जायचं कसं, ते आधी सांगते, कारण ते सगळ्याच विचारतात. नागपूरहून मडगावला विशेष गाडी सुटते. ती रोज नसते, म्हणून दिवस बघूनच आरक्षण करा. आपल्याला वर्धा किंवा बडनेरा सोयीचं. एक दिवस, एक रात्र आणि वर थोडा वेळ गाडीत जातो. जुन्या गोव्याला करमळी स्टेशन जवळ आहे. पणजीहूनही बस मिळते, अंतर दहा किलोमीटरच्या आसपास.

गाडीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा सोडला, तेव्हा मी सहज म्हणाले, ही मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीज लोकांनी ती आपल्या देशात आणली. कोणी विश्वास ठेवेना. "मंग त्याच्या आंधी आपले लोक भाकरी कशासंगं खात होते?" असा प्रश्न आला. मिरीसंगं, लसणासंगं खात असतील. बटाटा, पपई, अननस, काजू, तंबाखू हीसुद्धा त्याच वाटेनं आलेली. शब्दही आले. बटाटा, पाव, चावी, पगार, घमेलं, बिजागरी हे पोर्तुगीज भाषेतून मराठीत मुरलेले शब्द. आपण बाजार समितीत कापसाचा, तुरीचा 'लिलाव' म्हणतो ना, तोही त्यांचाच.

आता शहराबद्दल. १५१० साली अल्बुकर्क नावाच्या पोर्तुगीज सेनापतीनं विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा जिंकलं. तो दिवस २५ नोव्हेंबरचा, सेंट कॅथरिनचा सण. म्हणून तिथलं सगळ्यात मोठं चर्च, 'से' कॅथेड्रल, तिच्याच नावाचं आहे. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. त्याचं काम १५६२ साली सुरू झालं आणि १६१९ साली इमारत पुरी झाली. आतल्या वेदी पुऱ्या व्हायला आणखी तीसेक वर्षं लागली. लांबी अडीचशे फूट. आत पाय ठेवला की आवाज आपोआप खाली येतो. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. त्यातला एक १७७६ साली कोसळला तो परत बांधलाच नाही, त्यामुळं एक कान नसलेल्या माणसासारखी ती इमारत दिसते. उरलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. ती सोन्याची नाही. नाद गोड म्हणून तसं नाव पडलं.

रस्त्याच्या पलीकडं बॉम जेझूचं चर्च, लाल जांभ्या दगडाचं. तिथं सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह चांदीच्या पेटीत उंचावर ठेवलेला आहे. ते १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. दर दहा वर्षांनी तो देह लोकांच्या दर्शनासाठी खाली आणतात. याआधी २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत आणला होता. ३ डिसेंबरला त्यांचा सण असतो, गर्दीचं वावडं असेल तर त्या दिवसांत जाऊ नका. खांदे झाकतील असे कपडे घाला आणि आत मोबाईल पिशवीत ठेवा. कोणाच्याही देवघरात आपण वागतो तसंच वागायचं.

थोडं वर टेकडीवर गेलं की सेंट ऑगस्टिनचा मोडका मनोरा दिसतो, दीडशे फूट उंच, आणि त्याच्या पायथ्याशी नुसते चौथरे. इथल्या खोदकामात जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ साली इराणमध्ये तिला हालहाल करून मारलं. साधूंनी तिच्या अस्थी लपवून इथपर्यंत आणल्या होत्या. २०२१ साली भारत सरकारनं त्यातला अवशेष जॉर्जियाला सन्मानानं परत दिला. समोरच सांता मोनिकाचा मठ आहे. १६०६ साली स्थापन झालेला हा मठ फक्त बायांचा. आत गेलेली बाई पुन्हा बाहेर येत नसे.

या मनोऱ्याखाली आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं, म्हणजे आमच्या काकूंनी, बूड टेकलं आणि विचारलं, "इतले मोठमोठे देवळं बांधले, मंग मानसं कुठी गेले वं?"

प्रश्न बरोबर होता. चर्च आहेत, हिरवळ आहे, फिरणारे लोक आहेत. पण घरं? बाजार? गल्ल्या? भरभराटीच्या काळात इथं लाखांनी माणसं राहत होती. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथंच सुरू झाला. घोडे, मसाले, रेशीम, आणि गुलाम केलेली माणसंसुद्धा इथल्या रस्त्यावर विकली जात. १७७५ च्या सुमाराला त्या शहरात दोन हजारसुद्धा माणसं उरली नव्हती.

कारणं पुष्कळ सांगतात. डच लोकांनी समुद्रावरचा व्यापार तोडला, नदी गाळानं भरत गेली, १८३५ साली सरकारनं मठच बंद केले. ते सगळं खरं. पण माझ्या कामाचं कारण वेगळं आहे. हे शहर पाण्यानं मारलं.

तिथली जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी धरत नाही, झिरपू देतो. दाट वस्ती, घरोघरी शौचाचे खड्डे, आणि त्याच अंगणात विहिरी. खड्ड्यातलं विहिरीत उतरायला किती वेळ लागणार? १५४३ साली पटकीची मोठी साथ आली. तेव्हाच्या पोर्तुगीज बखरकारानं लिहून ठेवलंय की रोज इतकी माणसं मरत होती, की लोकांनी धास्ती घेऊ नये म्हणून मयताची घंटा वाजवायलाच गव्हर्नरनं बंदी केली. आणि त्या रोगाचं नाव त्यानं काय लिहिलं असेल? मोडशी. आपली आजी म्हणायची ना, "लेकराला मोडशी झाली"? तोच शब्द त्यांनी आपल्या लोकांच्या तोंडून उचलला आणि आपल्या लिपीत वेडावाकडा लिहिला. गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याचं औषधांवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, त्यातही हा रोग आहे.

पैसेवाल्यांनी वाट काढली. शहराबाहेरच्या झऱ्याचं पाणी गुलाम मडक्यांत भरून आणून विकत, असं त्या काळी तिथं राहिलेल्या पिरार नावाच्या फ्रेंच प्रवाशानं लिहिलंय. म्हणजे विकतच्या पाण्याचा धंदा काही आपल्या जारवाल्यांनी शोधलेला नाही. गरीब मात्र विहिरीचंच प्यायला. साथी येत राहिल्या. १६९५ साली व्हाइसरॉय स्वतःच शहर सोडून पाणेलीला राहायला गेला, १७५९ साली पणजीला. शेवटी १८४३ साली पणजी ही राजधानी झाली.

त्या लोकांना कळत नव्हतं असं नाही, त्यांना वाटे हवा वाईट आहे. आपल्याकडंही पटकी आली की मरीमायला बोकड कापायचे, गाव सोडून वावरात राहायला जायचे. पाण्यातून पटकी पसरते हे १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरनं एका हातपंपावरून दाखवून दिलं, तोपर्यंत जुनं गोवं रिकामं होऊन गेलं होतं. त्यांना माफ करता येतं, आपल्याला ते ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशीचं थोडक्यात सांगते, कारण ते सोडून चालणार नाही. पोर्तुगीजांनी आपल्या ताब्यातल्या तालुक्यांतली देवळं पाडली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, धर्माच्या चौकशीचं न्यायालय चाललं. लोकांनी रातोरात देव उचलले आणि नदीपलीकडं नेले. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही फोंड्याकडची देवळं म्हणजे अशी हलवलेली घरं आहेत. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत बसून आम्ही दिवाडी बेटावर गेलो, पायी माणसाला तिकीट पडलं नाही. तिथला सप्तकोटेश्वर नार्व्याला नेलेला, पुढच्या फेरीबोटीनं तिथंही जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. तिथं काकूंनी बराच वेळ डोकं टेकवलं. आणि हेही ऐका, त्याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं ख्रिस्तपुराण लिहिलं, ओवीमध्ये, चक्क मराठीत. १६१६ साली ते छापलं गेलं. माणसं एकाच वेळी तोडतात आणि जोडतातही, मला यातलं गणित अजून सुटलेलं नाही.

आता आपल्या गावात या. तुम्हाला आठवत असेल, मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत गॅस्ट्रो आला. चार दिवसांत सतरा घरांत जुलाब-उलट्या, आणि दोघी म्हाताऱ्यांना सलाईन लावावं लागलं. मी घरोघरी ओआरएसची पाकिटं वाटत फिरत होते. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, की सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला दोन नवीन संडासांचे खड्डे पडले आहेत. मनोऱ्याखाली बसल्यावर मला ते आठवलं. परत आल्या आल्या आम्ही दोरी घेऊन अंतर मोजलं. एक खड्डा बावीस फुटांवर, दुसरा एकतीस. निदान पन्नास फूट हवं, आणि खड्डा उताराच्या खालच्या बाजूला हवा. आपली काळी माती जांभ्यासारखी नाही, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो.

खड्डे ज्यांचे, त्या आपल्याच गटातल्या बाया आहेत. त्यांना जागा तेवढीच होती, दोष देऊन उपयोग नाही. तोवर काय करायचं ते सांगते. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल पावडर, बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत टाकायचं, आणि अर्धा-पाऊण तास कोणी पाणी भरायचं नाही. मग ओटी टेस्ट. पाणी फिकट पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर मला निरोप द्या. वास येतो म्हणून कुरकुर करू नका, वास येतोय म्हणजेच औषध आहे.

दोन्ही खड्डे हलवण्याचा खर्च ग्रामपंचायतीनं करावा, असा अर्ज तेवीस बायांच्या सह्यांनी आम्ही दिला आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो वाचायचा आहे. सोयाबीनची सोंगणी तोंडावर असेल, मला माहीत आहे. पण त्या दिवशी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात या. काकू दोरी घेऊन येणार आहेत.