दाढीवाल्यांच्या हातात वीज आली कुठून?

तुमच्या ऑफिसात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळणारा एक तरी प्राणी असणारच. त्याला टपरीवर गाठा, कटिंग हातात द्या आणि एवढंच विचारा, ‘ड्वार्फ शामन कसा काय झाला रे?’ पुढचा अर्धा तास गेला समजा!

ज्यांना हा फंडा नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्वार्फ म्हणजे बुटके, दणकट, दाढीवाले गडी. डोंगर पोखरून त्यात शहर वसवणारे, बिअर ढोसणारे, बंदुका आणि यंत्रं बनवणारे. एकदम प्रॅक्टिकल माणसं. शामन म्हणजे पृथ्वी, अग्नी, वारा आणि पाणी यांच्या शक्तींशी बोलणारा, त्यांच्याकडे मदत मागणारा. आपल्या पाड्यावरचा भगत डोळ्यांसमोर आणा, साधारण अंदाज येईल. आता या दोघांचं लग्न लावायचं म्हणजे मेकॅनिकल इंजिनीअरने अचानक मांत्रिकाचा धंदा सुरू करण्यासारखं नाही का?

आधी हिशोब, मग पुराण

खरं कारण तसं रुक्ष आहे. २००४ साली गेम आला तेव्हा त्यात दोन पक्ष होते. शामन फक्त होर्डकडे आणि पॅलाडिन फक्त अलायन्सकडे. ऐकायला मस्त, पण दोन्ही बाजूंचं पारडं सारखं ठेवताना बनवणाऱ्यांच्या डोक्याला ताप. म्हणून जानेवारी २००७ मध्ये ‘द बर्निंग क्रुसेड’ आलं आणि ड्रेनाय नावाच्या परग्रहावरच्या जमातीमार्फत अलायन्सला शामन मिळाला. ड्वार्फची पाळी आली २०१० मध्ये, ‘कॅटक्लिझम’च्या वेळी.

म्हणजे सोय आधी, परंपरा नंतर. मग ही परंपरा खोटी का? मला नाही वाटत. कारण तिचं बी फार आधी पडलं होतं.

१९९५ च्या वॉरक्राफ्ट २ मध्ये ग्रिफिनवर बसून उडणारे ड्वार्फ होते. ते वरून हातोडा फेकायचे आणि त्या हातोड्यात चक्क वीज असायची! तेव्हा कुणी त्यांना शामन म्हटलं नव्हतं. ते होते एअरी पीकचे, म्हणजे वाइल्डहॅमर कुळाचे. पंधरा वर्षांनी ‘ड्वार्फ शामन’ची गरज पडली, तेव्हा बोट आपसूक त्यांच्याकडेच वळलं.

भाऊबंदकीची गोष्ट

आता गेममधला इतिहास. आयर्नफोर्जचा राजा मोडिमस अॅनव्हिलमार गेला आणि तीन कुळांत जुंपली. अगदी आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखी. ब्राँझबिअर्ड जिंकले, शहर त्यांनी ठेवलं. वाइल्डहॅमर खार्ड्रोसच्या मागे बाहेर पडले, त्यांनी ग्रिम बाटोल उभारलं. पुढे डार्क आयर्नांनी हल्ला केला. त्यांची राणी मॉडगुड मरता मरता त्या जागेला शाप देऊन गेली. मग तेही घर सुटलं आणि ही मंडळी हिंटरलँड्सच्या डोंगरमाथ्यावर, ग्रिफिनांच्या शेजारी, उघड्या आभाळाखाली राहायला गेली.

मला इथे सगळा उलगडा होतो. ज्याच्या डोक्यावर दगडाचं छत आहे त्याला वाऱ्याशी बोलायची गरज काय? छत गेलं, तेव्हा वाऱ्याशी, पावसाशी, विजेशी जमवून घेणं भाग पडलं.

तिसऱ्या कुळाचं काय झालं तेही बघा. डार्क आयर्नांचा थॉरिसन सूड घ्यायला निघाला. त्याने आगीच्या शक्तीला हाक मारली आणि आला थेट रॅग्नारोस, अग्नीचा अधिपती. ज्याला राबवायचं त्याचेच हे पिढ्यान् पिढ्या गुलाम झाले. एकाच घरातले दोन भाऊ, एकाने निसर्गाकडे मागितलं, दुसऱ्याने हुकूम सोडला. गेममधला शामन कोण, याचं उत्तर याच फरकात आहे.

लाल टी-शर्टवाला

ऑक्टोबर २०१०, अनाहाइम, ब्लिझकॉन. लाल टी-शर्ट घातलेला एक तरुण माइकसमोर आला. आयर्नफोर्जच्या नव्या तीन कुळांच्या सभेत वाइल्डहॅमरांच्या वतीने कुर्द्रान कसा, फॉलस्टाडचं काय झालं, असं त्याने विचारलं. मंचावरून आलं की तो मेला ना! त्याने शांतपणे सांगितलं, नाही, तो जिवंत आहे आणि एअरी पीकमध्येच आहे. बनवणाऱ्यांची विकेट! पुढे फॉलस्टाडला सभेत जागा मिळाली आणि त्याच्या शेजारी लाल शर्ट घातलेला एक छोटा ड्वार्फही उभा राहिला. हुद्दा, वाइल्डहॅमरांचा तथ्य-तपासनीस!

लोक हसले, मीही हसलो. पण विचार करा, त्या कुळाची आठवण त्याच्या निर्मात्यांपेक्षा खेळणाऱ्याला जास्त होती.

उसनवारीचा मामला

गेमच्या बाहेर डोकावलं तर आणखी गंमत. नॉर्स पुराणकथांत थॉरचा हातोडा बनवला तो ड्वार्फ भावांनीच. आभाळ चार कोपऱ्यांवर तोलून धरणारेही चार ड्वार्फ, त्यांची नावं चार दिशांवरून. म्हणजे वीज आणि आभाळ यांच्याशी या बुटक्यांचं नातं जुनंच! चार तत्त्वं ग्रीकांची. शामन जमिनीत रोवतो तो टोटेम हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचा, त्यांच्याकडे त्याचा अर्थ कुळाची खूण.

आणि ‘शामन’ हा शब्द सैबेरियातल्या इव्हेंकी लोकांच्या भाषाकुळातला. सतराव्या शतकात रशियनमार्गे तो युरोपात पोचला. सोव्हिएत राजवटीत तिथल्या खऱ्या शामनांचा छळ झाला, त्यांची ढोलकी हिसकावून घेतली गेली. शब्द जगभर फिरला, कीबोर्डवर एका बटणाला चिकटला. ज्यांचा होता त्यांना मात्र तो जपायची किंमत मोजावी लागली.

याने माझा खेळ बिघडत नाही, उलट जड होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘द वॉर विदिन’ आलं आणि ड्वार्फांचे दगडी पूर्वज, अर्थन, खेळता येऊ लागले. तेही शामन होऊ शकतात. परंपरा अशीच मागे सरकत जाते, नातवाला काही हवं असतं म्हणून आजोबांच्या ट्रंकेत शोधाशोध होते. कधी तिथे सापडतं, कधी आपणच ठेवून येतो.

पुढच्या वेळी तुमचा ड्वार्फ वीज पाडेल तेव्हा एक क्षण थांबा, बॉस. हुकूम सोडताय की मागताय, तेवढं बघा. आणि शब्द कुणाचा वापरताय, तेही.